मोझेकवरची नक्षी

चौऱ्याहत्तर साली नंदनवन वस्तीत आम्ही घर बांधलं. हॉलला मोझेकची फरशी, सनमायकाचं शोकेस, आणि व्हरांड्यातून आत येताना भोसल्यांच्या काळातली कोरीव सागवानी चौकट. माझ्या माहेरी, खाप्याला, मालगुजाराचं म्हणजे गावच्या जमीनदाराचं घर पाडलं तेव्हा मी ती हट्टानं आणली. तिच्यावरचा गणपती मालगुजारानं आपल्या देवघरासाठी काढून नेला होता. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. त्या रिकाम्या जागी मी अजिंठ्याचं कमळ बसवलं.

नणंद शामला म्हणाली, "काय वं वहिनी, जुनं-नवं सारी खिचडी करून ठेवली!"

"माह्या घरात माह्या मर्जीची खिचडी," मी फटकारलं.

तेवढ्यात खाप्याहून माझे बाबा आले. चौकट ओळखताच त्यांनी सवयीनं चपला हातात घेतल्या आणि बाहेरच थबकले. जन्मभर त्यांनी याच चौकटीबाहेर असंच उभं राहून मजुरी घेतली होती.

"बाबा, आता हे आपलं दार आहे," मी म्हटलं.

त्यांनी कमळाकडे पाहिलं. चपला खाली टाकून पायात घातल्या आणि ताठ मानेनं आत आले. चकचकीत फरशीवर धुळीची पावलं उमटली. शामला फडकं घेऊन धावली.

मी तिचा हात धरला. "पुसू नको वं. हीच नक्षी बाकी होती."