न्हावीबाबांची दाढ

गॉजच्या कापडाची तिसरी घडीही लालभडक होऊन बाहेर आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दाढ काढून बराच वेळ झाला होता. एव्हाना म्हातारा घरी पोचायला हवा होता. तो अजून शाळेच्या खुर्चीत मान मागे टाकून बसला होता आणि हनुवटीवरून निघालेला ओघळ त्याच्या शर्टात उतरत होता.

बाहेर गाडीने हॉर्न दिला. गावच्या शाळेत भरलेल्या शिबिराचा शेवटचा दिवस. खोकी बांधून झाली होती आणि बरोबरची मंडळी विमानतळावर जायला गाडीत बसली होती.

"छोटी, आटपलं का गं?" दादाने दारातून डॉक्टरीणबाईंना विचारलं.

छोटीने पन्नाशी ओलांडली होती, पण थोरल्या भावापुढे त्याचा काय उपयोग! दादा चर्चचा पाळक. परक्या देशातल्या या आडगावी दातांचं मोफत शिबिर घ्यायचं हे त्याच्या मनाने घेतलं, आणि दाढा उपटायच्या मात्र तिने. दादाची प्रार्थना एकदा सुरू झाली की लवकर संपत नसे. त्याच्या 'आमेन'ची वाट बघत तिने लहानपणी कितीतरी जेवणं गार खाल्ली होती.

शिबिरातही त्याची रीत ठरलेली. माणूस खुर्चीत बसला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, मग इंजेक्शन. भेदरलेली माणसं त्या हाताखाली शांत होत, हे तिलाही कबूल होतं. एरवी ती दुखणीखुपणी, औषधं सगळं प्रार्थनेच्या आधी विचारून घ्यायची. आज रांग पार फाटकापर्यंत गेली होती, म्हणून तिने दोन्ही कामं एकदमच उरकली. इकडे दादाची प्रार्थना चालू आणि तिकडे तिचे प्रश्न, दुभाषी झालेल्या गावातल्या मास्तरीणबाईंच्या तोंडून. रक्त पातळ करायची गोळी घेता का? म्हातारा डोळे मिटून गप्प. गप्प म्हणजे नाही, असं ती धरून चालली.

तेवढ्यात म्हाताऱ्याची लेक त्याला शोधत आली. बापाचा शर्ट बघून ती किंचाळलीच. मास्तरीणबाईंशी भराभरा काहीतरी बोलली.

"हृदयाची झडप बदललीय म्हणे त्यांची," मास्तरीणबाई म्हणाल्या. "रक्त पातळ व्हायची गोळी रोज चालू आहे."

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्याकडे वळल्या. "मग बोलले का नाहीत? मी विचारलं होतं ना!"

तोंडात गॉज असल्यामुळे म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं. त्याने दादाकडे बोट दाखवलं. मग स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला, डोळे मिटले आणि ओठांवर बोट धरलं. डोळे उघडले तेव्हा तो असा ओशाळला होता की जणू गुन्हा त्याचाच.

"न्हावी आहेत हो ते," लेकीचं बोलणं मास्तरीणबाईंनी रडवेल्या आवाजात सांगितलं. "जन्मभर गिऱ्हाइकांना दटावत आले, डोक्याला हात लावला की बोलायचं नाही."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"विचारायचं काम माझं होतं," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण त्याचाही राग तिच्या डोक्यात भणभणत होता.

"मोठ्या दवाखान्यात न्यायचं का?"

"सगळी रात्र वाटेत जाईल. या रस्त्याच्या हिसक्यांत काही टिकायचं नाही. खोकी सोड आधी."

बांधलेली खोकी पुन्हा सोडली. तिने जखमेला टाके घातले, औषधात भिजवलेली पट्टी आत बसवली आणि वरून बोटाने दाब दिला. दादा पुढे झाला. सवयीने त्याचा हात म्हाताऱ्याच्या डोक्याकडे गेला.

"हे स्वर्गीय पित्या..."

"दादा, गप्प बस!"

उभ्या आयुष्यात ती त्याच्याशी असं बोलली नव्हती. दादाने हात मागे घेतला. तो बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब गेल्याचा. तिला वाटलं, गेला. पण तो परत येऊन भिंतीपाशी उभा राहिला.

"आणि विमान?" तिने विचारलं.

"जाईल की. त्याचं आपल्यावाचून कुठे अडतंय?"

खिडकीतला उजेड उतरत चालला. तिच्या बोटात पेटके आले, पण सोडवत नव्हतं. म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले होते आणि मनगटावर नाडी नुसती पळत होती. हा माणूस आपल्या हातून जाणार, असं तिला स्वच्छ वाटलं. प्रार्थनेत ती नेहमी दादाच्या मागून 'आमेन' म्हणणारी. आज तिने मनातल्या मनात एवढंच म्हटलं, याने तुझा मान राखला, आता तू याला राख.

"दादा, हातमोजे घाल. माझं बोट चालेना."

"मला रक्त बघवत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग बघू नकोस. नुसतं दाब. जोरात. भीती वाटली तरी सोडायचं नाही."

दादाने दाबलं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. तो रक्ताकडे बघत नव्हता, म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि म्हातारा त्याच्या. दोघंही कितीतरी वेळ तसेच राहिले. लेक बापाचा हात धरून बसली होती. मास्तरीणबाईंनी दिवा लावला.

"काढ बघू बोट," अखेर ती म्हणाली.

पट्टीची कड किंचित गुलाबी होती, बाकी पांढरी. तिने वाट पाहिली. पांढरीच राहिली. नाडीही मघापेक्षा सावकाश लागत होती. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि ती होती तिथेच जमिनीवर बसली.

म्हाताऱ्याने दादाचा हात धरला. मोजा आपणच ओढून काढला आणि तो हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसला.

सगळे दादाकडे बघू लागले. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, कर म्हणून.

"बाई," दादा मास्तरीणबाईंना म्हणाला, "आधी त्यांना विचारा, काही सांगायचं राहिलंय का?"

मास्तरीणबाईंनी विचारलं. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि तो विचारात पडला. दादा त्याच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे उघडे ठेवून, उत्तराची वाट बघत उभा राहिला.