मेणचट पापुद्रा

सासरे दवाखान्यात गेल्यापासून त्यांची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी सुनेच्या गळ्यात पडली होती. आज त्यांचं लाडकं मऊ प्रवाळ आक्रसून बसलं होतं, अंगभर मेणचट पापुद्रा चढला होता. मेलं असलं तर सगळं पाणी नासणार होतं.

नवरा म्हणाला, "फेकून दे. बाबांना मी सांगतो."

तिने ते बाहेर काढलं, पण फेकवेना. धीर करून तिने सासऱ्यांनाच फोन लावला.

"वास घे," ते म्हणाले. "कुजका येतोय?"

"नाही बाबा, खारटच येतोय."

"मग कात टाकतंय ते. परत ठेव आणि पंपाचं तोंड तिकडे वळव."

पाण्याचा झोत लागताच पापुद्रा फडफडला आणि सुटला. खाली कोवळा गुलाबी रंग होता.

"काय झालं गं?" सासऱ्यांनी फोनवर विचारलं. "जिवंत आहे, बाबा," ती म्हणाली.