साहेबांचा खर्च

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मान खाली, हातात बारीक घासणी आणि नाकात मेणाचा वास. आठवड्याची सुट्टी मात्र तिची स्वतःची असायची. गावाबाहेरच्या तबेल्यात जाऊन ती भाड्याने एक तपकिरी घोडा घ्यायची आणि तासभर फिरवायची. त्याला सगळे साहेब म्हणत, कारण हाक मारली की तो आधी विचार करी आणि मगच येई. अशी आठ वर्षं गेली. मग तबेल्याच्या मालकीणबाईंनी साहेबांना विकायला काढलं, आणि साठवलेले सगळे पैसे घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा. लहानपणापासून त्याला घोड्यांची धास्ती होती, पण तो नाही म्हणाला नाही. "घे की. फक्त महिन्याला किती लागेल ते आधी बघू."

दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तबेल्याचं भाडं, चारा, नाल ठोकणं. शेवटी त्याने 'किरकोळ' म्हणून थोडी रक्कम धरली. "हौसेला मोल नसतं म्हणतात," तो म्हणाला, "पण भाडं असतं. तरी बसतंय. घेऊन टाक."

पहिल्याच महिन्यात समजलं की भाडं नुसत्या जागेचं होतं. खाली अंथरायचा भुसा वेगळा.

"भुसा वेगळा?" तिने विचारलं.

"एवढं तर असतंच हो," मालकीणबाई म्हणाल्या.

तबेल्याचं खोगीर आता वापरता येणार नव्हतं, म्हणून तिने जुनं, स्वस्तातलं घेतलं. ते साहेबांच्या पाठीला टोचायला लागलं. खोगीरवाल्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि आतलं सगळं काढून नव्याने भरावं लागेल असं सांगितलं. "शाळेत आम्हाला खोगीरभरती म्हणजे बिनकामाच्या गोष्टी असं शिकवलं होतं," नवरा म्हणाला. तिला हसू आलं नाही.

मग साहेब खाताना घास सांडायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात हात घालून सांगितलं, मागच्या दाढांना धार आलीय, घासाव्या लागतील.

"दात घासायचे?" ती उसळून म्हणाली. "अहो डॉक्टर, माझं पोटच त्याच्यावर चालतं. मी घासते!"

"त्याने तोंड उघडून धरलं तर जरूर घासा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सांगितलेल्या पैशांत एका माणसाची वरची आणि खालची, पुरी कवळी झाली असती. भाव तिला तोंडपाठ होता, म्हणून तर जास्त जिवाला लागलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! आणि दरवेळी मालकीणबाईंचं ठरलेलं, "एवढं तर असतंच." एवढं असतं तर आधी सांगायला काय झालं होतं?

नवरा दर महिन्याला 'किरकोळ' खोडायचा आणि पुढे मोठा आकडा लिहायचा. चकार शब्द काढायचा नाही. एके दिवशी तिचा तोल गेला.

"बोल ना एकदाचं!"

"काय बोलू?"

"की मी आधीच सांगितलं होतं."

"मी कुठे काय सांगितलं होतं? मीच तर म्हणालो, बसतंय."

म्हणजे भांडायचीही सोय नाही. तिने लॅबमध्ये जादा काम मागून घेतलं आणि घरी यायला उशीर होऊ लागला.

त्यातच साहेब लंगडायला लागले. खुराच्या आत पू झाला होता. डॉक्टरांनी तळ कोरून वाट करून दिली. रोज तो पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचा, लेप भरायचा, पट्टी बांधायची. असे कित्येक आठवडे. पाठीवर बसायचं नाव नाही. तबेल्यातला माणूस हे करायला तयार होता, पण दर खेपेचे पैसे वेगळे.

"मी जातो," नवरा म्हणाला. "दुपारी मोकळाच असतो."

"तू? तू त्याच्या अंगाजवळ तरी जाशील का?"

"अंगाजवळ कुठे, पायाजवळ जायचंय ना?"

पहिल्या दिवशी तो गुडघ्यापर्यंत भिजून आणि अंगठा काळानिळा करून घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. पुढे पुढे तो तिथलं काही सांगेनासा झाला आणि तीही विचारेनाशी झाली. संध्याकाळी अंगात त्राण नसायचं. सुट्टीच्या दिवशीही तातडीच्या कवळ्या निघायच्या. साहेबांचा खर्च भागवता भागवता साहेबांना बघून महिना होत आला होता.

एका दुपारी लॅबची भट्टी बंद पडली आणि ती सुटली. थेट तबेल्यात गेली. नवरा पावाच्या उलट्या क्रेटवर बसला होता. साहेबांचा पाय बादलीत होता आणि नवरा हळू आवाजात कुठल्याशा दुकानदाराबद्दल तक्रार करत होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती.

तिने हाक मारली. साहेबांनी कान वळवले, तिच्याकडे पाहिलं, आणि हनुवटी होती तिथेच ठेवली.

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आठ वर्षं मी याच्यामागे फिरतेय! मान मोडून याचे पैसे भरतेय! आणि हा तुझ्या खांद्यावर?"

"अगं, पाणी गार होतंय," तो म्हणाला.

"होऊ दे गार! मला घोडा हवा होता रे. मी नुसती राबतेय."

त्याने साहेबांचा पाय बादलीतून बाहेर काढला. "विकायचा का?"

"नाही!"

"मग वाटून घेऊ. मी पाव टाकतो त्या शाळेतल्या खेळाच्या बाई आहेत ना, अर्धा खर्च देऊन अर्धे दिवस बसायला कुणाचा घोडा मिळतो का म्हणून विचारत होत्या."

"वाटून? तो काय पाव आहे?"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः टेबलाशी बसून सगळं मांडलं. 'किरकोळ' असा शब्दच ठेवला नाही. भुसा, दाढा, खूर, खोगीर, जे जे झालं होतं ते पुन्हा होणार असं धरलं. बसेना. उलटसुलट करून पाहिलं, तरी बसेना. मग दात-ओठ खात तिने खेळाच्या बाईंना फोन लावला.

बाई आल्या. उंच, सडपातळ, हसऱ्या. साहेबांची मान अशी थोपटली की जन्माची ओळख असावी. नाव ठेवायला जागाच नव्हती, हा आणखी एक वैताग. तीन दिवस हिचे, तीन दिवस बाईंचे, एक दिवस साहेबांना आराम, असं ठरलं. तिने लॅबमधलं जादा काम सोडून दिलं.

खुराची जखम भरल्यावर डॉक्टरांनी थोडंसं फिरवायची परवानगी दिली, तीही कुणीतरी पुढून धरूनच. ती बसली आणि दोर नवऱ्याने धरला. हात लांब करून धरला होता, साहेबांच्या दातांपासून शक्य तेवढा दूर. मैदानाला एक फेरी झाली.

"कसं वाटतंय?" त्याने मागे न बघता विचारलं.

"राग आलाय."

"माझा?"

"सगळ्यांचा. चालत राहा."

तो चालत राहिला. तिच्या मांड्यांना कित्येक दिवसांनी साहेबांच्या चालीचा हेलकावा जाणवत होता, आणि राग होता तसाच होता. दोन्ही एकाच वेळी. उतरल्यावर तिने नवऱ्याला गाडीकडे पाठवलं आणि साहेबांना एकटीने खरारा केला, मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश. ब्रश परत टांगायला गेली तर तिच्या खुंटीवर बाईंचा कोरा करकरीत ब्रश लटकत होता. तिने तो काढून पलीकडच्या खुंटीवर लावला, आपला आपल्या जागी टांगला आणि दार लावून घेतलं.