सतरावी ओळ

बायको गेली हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात कळलं. माझा जबडा तारेने बांधला होता. मेहुणी खाटेजवळ येऊन म्हणाली, "भाऊजी, ताई कालच गेली." मला ओरडताही आलं नाही.

पानं लाल पाडणाऱ्या तांबेऱ्याला आणि रस शोषणाऱ्या माव्याला दाद न देणारं गव्हाचं वाण काढायचं, हे तिचं नोकरीतलं काम. त्यासाठी ती आधी रोगच वाढवायची. प्लॉटच्या कडेने लवकर रोग धरणारा गहू लावायचा, त्यावर तांबेऱ्याची पूड पाण्यातून फवारायची, आणि मधल्या ओळींत कोण तगतं ते बघायचं. फवारणी मी करायचो. नऊ वर्षांत एकटी सतरावी ओळ हिरवी राहिली.

न्हाव्याच्या दुकानात मीच बोललो होतो, "लोक कोंबड्या पाळतात, आमची ही तांबेरा पाळते." सगळे हसले. शेजारच्या शेताचा मालक हसला नाही. त्याला सगळे मिशाळ म्हणत. त्याचा गहू त्याच आठवड्यात लाल पडला होता.

तो सहा जणांना घेऊन प्लॉटवर आला. विळे होते, फावडी होती. बियाण्याची शेड त्यांनी आल्या आल्या पेटवली.

"बाई, आमचं वाटोळं करून पगार खाता होय?"

"भाऊ, रोग वाऱ्यानेही येतो. बाकी सगळं जाळा, ही एक ओळ सोडा. पिकत आलीय."

"हीच आधी कापा रे!"

ती ओळीवर आडवी पडली. पहिला दांडा पाठीत बसला, दुसरा डोक्यात. हाड फुटल्याचं मी ऐकलं. मी मिशाळच्या अंगावर गेलो, त्याच्या कानाचा लचका तोडला. मग माझ्या तोंडावर फावडं आलं. खाली पडलो तेव्हा ती ओंब्या उपटून मुठीत घेत होती आणि ते तिच्या हातावर मारत होते. मूठ उघडली नाही.

त्या अकरा ओंब्या पोलिसांनी रक्तासकट, ओल्याच पिशवीत घालून सील केल्या. तोंड उघडायला लागल्यावर मी ठाण्यात गेलो.

"साहेब, बी कुजेल."

"काका, खुनातला मुद्देमाल आहे. निकालाशिवाय हलत नाही."

"निकाल कधी?"

"माझ्या पोराच्या लग्नापर्यंत लागेल."

"पोरगा केवढा?"

"तिसरीत."

मी चार अर्ज दिले. मिशाळ जामिनावर सुटलाय, रोज समोरून जातो, आणि रोज माझा हात विळ्याकडे जातो. पेरणीचा महिना अर्धा सरला. सतराव्या ओळीचं बी अजून जमिनीत पडलेलं नाही.