पहिल्या स्लिपमधली नजर

“आकडे नकोत!” कप्तानांनी हात उंचावून युद्धनौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या खलाशाला गप्प केले. धक्क्यापर्यंतचे अंतर मोजून ओरडणे हे त्या बिचाऱ्याचे कामच होते.

नौदलाच्या नोकरीत राहून कप्तान बारा हंगाम प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले होते, तेही पहिल्या स्लिपमध्ये. स्लिपमधला माणूस टेप घेऊन उभा राहत नाही, असे ते म्हणत. म्हणून जहाज धक्क्याला लावताना ते फक्त नजरेवर भिस्त ठेवत. आजवर रंगाचा टवकाही उडाला नव्हता.

शेजारी त्यांचा दुय्यम अधिकारी उभा होता. तो कप्तानांच्याच क्रिकेट संघाचा यष्टिरक्षक. जहाजावरही सगळे त्याला ‘कीपर’च म्हणत.

“साहेब, पुढे तेलाची नाव बांधलीय.”

“दिसतेय मला.”

“किती लांब दिसतेय?”

कप्तानांनी डोळे बारीक केले. कठड्यावरची त्यांची बोटे पांढरी पडली.

शनिवारच्या मैत्रीपूर्ण सामन्यात छातीवर आलेला सोपा झेल त्यांच्याकडून सुटला होता. “हातांना लोणी लावून आलात का, साहेब?” कोणीतरी ओरडले, मैदान हसले, तेही हसले. हसला नव्हता तो एकटा कीपर. चेंडू हातातून निसटला नव्हताच. तो आधी छातीवर आदळला आणि मग कप्तानांना दिसला. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. डॉक्टरांच्या कानावर गेली असती, तर जहाज हातचे गेले असते.

“दोन्ही इंजिनं पुढे, हळू.”

“साहेब, आता पुढे नको.”

“अजून जागा आहे.”

तेलाच्या नावेवर दोन कामगार डबा उघडून जेवत होते. त्यांतला एक घास हातात तसाच धरून उठला आणि मागे सरकू लागला. तो का सरकतो आहे, हे कप्तानांना कळेना.

कानाशी कीपरचा अगदी हलका आवाज आला.

“माझा.”

उंच उडालेल्या चेंडूखाली दोघे धावले की ‘माझा’ म्हणणाऱ्याला वाट सोडायची, मग दुसरा हुद्द्याने कितीही मोठा असो. कप्तानांच्या मनाने काही ठरवण्याआधीच त्यांचे पाय दोन पावले मागे आले होते.

“दोन्ही इंजिनं मागे, पूर्ण जोर!” कीपर गरजला.

जहाज थरथरले, फेस उसळला. नाळ तेलाच्या नावेसमोर येऊन अशी थांबली, की मधल्या पाण्यात एखादी होडीही मावली नसती. खाली कोणीतरी शिवी हासडली. मग जहाज हळूहळू मागे सरकू लागले.

कीपरने घाम पुसला. “घ्या साहेब. आता तुम्ही लावा.”

“झेल तुझा होता. पुरा कर.”

दोर धक्क्यावर पडले, तसे कप्तान त्याच्याकडे वळले.

“शनिवारी कळलं तुला?”

“त्याच्या आधीच्या सामन्यात. वाटलं, तुम्हीच सांगाल.”

कप्तानांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली. डॉक्टरांची खोली दोन जिने खाली होती. पहिल्या पायरीवर पाऊल टाकण्याआधी त्यांनी कठडा चाचपला आणि कोण बघते आहे याची पर्वा न करता तो घट्ट धरला.