मापाला दिलेला ड्रेस

"बाई, हे लग्नाकार्याचं आहे की नाटकाचं?" शिंप्याने पर्स कानाला लावून बघितली. पर्स टेलिफोनच्या आकाराची, लालभडक, वर फिरवायची तबकडी. जोडीला कानातले: दोन इवलेसे रिसीव्हर.

"माझा निरोप समारंभ आहे," धाकटी म्हणाली. "या पर्स-कानातल्यांना शोभेल असा ड्रेस हवाय. जुन्या धाटणीचा. काळा, घेरदार, पांढरी गोल कॉलर, पुढे लाल बटणं."

घरात ती धाकटी. इस्पितळात नुसता आवाज. तळघरातल्या खोलीत बसून तिने उभी हयात लोकांचे फोन जोडून दिले. मोठ्या साहेबांच्या सासुरवाडीचे रुसवेफुगवे तिला तोंडपाठ. साहेबांनी तिचं तोंड कधी बघितलं नव्हतं. जाता जाता सगळ्यांनी एकदा आपल्याला नीट बघावं, एवढाच तिचा हव्यास.

"टेप लावू?"

"नको. मापाला कपडा आणलाय. हा मला अगदी बसतो."

तो ताईने टाकलेला ड्रेस होता. धाकटीच्या अंगाला जन्मभर ताईचेच कपडे लागले. खांद्याला आतून पिन मारली की झालं. पिन मारून बसतं त्यालाच बसणं म्हणतात, अशी तिची पक्की समजूत. शिंप्याला पिनेचं कोण सांगणार? त्याने मापाबरहुकूम शिवला, सूतभर इकडेतिकडे नाही.

समारंभाला निघायच्या आधी ताई आली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"अगं, हा तुला शिवलाय की खुंटीला? काढ, काढ. बघू मला."

ताईच्या अंगावर तो असा बसला, की जणू तिला उभी करूनच बेतला होता.

"बघ! तू माझा हा घाल, चांगला आहे. आणि ती पर्स दे, कानातलेपण. त्यांच्याशिवाय शोभा नाही याला."

"ताई, आज माझा..."

"तुझाच दिवस आहे गं, म्हणून तर सांगते. चारचौघांत हसं नको व्हायला."

नाही म्हणायलाही सवय लागते. धाकटीने कानातले काढून दिले, ताईच्या ड्रेसला आतून पिन मारली.

सभागृहात मोठे साहेब गुच्छ घेऊन पुढे आले. टेलिफोनची पर्स बघून त्यांची कळी खुलली. "वा, बाई! ओळख पटवायचं कामच ठेवलं नाहीत!" गुच्छ ताईच्या हातात गेला. टाळ्या पडल्या. ताई "अहो, अहो" म्हणाली खरी, पण गुच्छ काही सोडला नाही.

"साहेब," मागून धाकटी म्हणाली, "मी इथे आहे."

तो आवाज न ओळखणारं तिथे कोणी नव्हतं. झाडून सगळ्यांच्या माना वळल्या आणि नजरा तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे त्या आवाजाला शोधू लागल्या.