भुऱ्या

नवरा मच्छिंद्र लढाईवर गेला त्याच साली सासू वारली आणि पारनेरजवळच्या मळ्यातल्या घरात छबूबाई एकटी उरली. वाटेनं जाणाऱ्या धनगरानं आई मेलेलं एक कोकरू तिच्या पदरात टाकलं. कापडाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून तिनं ते जगवलं. नाव ठेवलं भुऱ्या. संध्याकाळी ती त्याच्या कपाळाला तळवा लावून ढकलायची, तो इवलंसं डोकं रेटायचा. तिला हसू यायचं. घरात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

शेजारच्या मळ्यातल्या बनुबाईनं हटकलं, "छबे, नराला असला खेळ लावू नगं. कळपात असता तर मोठ्या एडक्यांनी ढुशा देऊन ठिकानावर आनला असता. ह्यो तुलाच मेंढी समजतोय."

"समजू दे की," छबूबाई म्हणाली.

पुढं शिंगं वळली. भुऱ्या माणसाला भिईना. कुणी दारात आलं की मागं सरून डोकं खाली घाली. एकदा त्यानं बनुबाईला पाडलं, तिचं ढोपर फुटलं. मग तिनंही येणं सोडलं.

लढाई संपल्यावर एका दुपारी गालफडं बसलेला, खाकीतला माणूस अंगणात आला. छबूबाई चुलीपुढून उठेपर्यंत भुऱ्यानं त्याला आडवा केला होता. तिनं धावत जाऊन शिंगं धरली.

"कुनाचा हाय?" धुळीत बसूनच मच्छिंद्रनं विचारलं.

"आपलाच."

त्या दिवसापासून भुऱ्या बांधलेला. रात्री तो खुंट्याला धडका देई आणि प्रत्येक धडकेला मच्छिंद्र दचकून उठून बसे. तक्रार मात्र त्यानं केली नाही.

शेवटी तीच म्हणाली, "धनगराकडं देऊ."

"तुझा जीव हाय त्याच्यावर."

"तुमास्नी झोप न्हाई."

धनगराच्या कळपात नेलं तेव्हा तिथल्या थोरल्या एडक्यानं भुऱ्याला पहिल्याच ढुशीत लोळवलं. तो उठला तो थेट छबूबाईच्या पायाशी येऊन चिकटला. धनगरानं त्याला ओढून नेलं. ती वळून न बघता निघाली.

रात्री तिनं भाकरी वाढली.

"पाऊस कसा झाला औंदा?" मच्छिंद्रनं विचारलं.

"बरा झाला."

एवढ्या वर्षांचं सांगायचं ती रोज भुऱ्याजवळच बोलून मोकळी झाली होती. आता हा माणूस समोर होता, आणि सुरुवात कुठून करावी ते तिला सुचेना.  तो मान खाली घालून जेवत राहिला.